दुसऱ्या गिअरसाठी तीनदा उघडलेलं इंजिन

इंजिन बेंचवर असताना गिअर लोण्यासारखे पडतात. ते बघून खूश होऊ नका. मी झालो होतो. त्या खुशीपायी दोन महिने गेले, खिशातून दोन गिअरच्या जोड्या गेल्या, आणि एक माणूस दुखावला तो वेगळाच.

आयटीआय करून गॅरेजला लागलेल्या आणि जुन्या टू-स्ट्रोकवर हात बसवू बघणाऱ्या पोरांसाठी लिहितोय. हाफ इंजिन, म्हणजे वरचं हेड-सिलिंडर-पिस्टनचं काम, करता येतं, कार्बोरेटर लावता येतो, एवढं धरून चालतो. खरी डर्ट बाईक, म्हणजे 1968 ची यामाहा डीटी-1 वगैरे, आपण फोटोतच बघितली. सोलापुरात आपल्या दारात येते ती आरएक्स 100. 1985 ते 1996 मधली, 98 सीसी, चार गिअर, मडगार्ड कापलेलं, बटन टायर, मागे मोठं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक. कारखान्यानं ती डांबरी रस्त्यासाठी केली होती, आपली पोरं मुरमाच्या खाणीत उड्या मारतात. गिअरबॉक्स मात्र तोच डांबरी रस्त्याचा आहे, आता खाणीत उड्या आहेत हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

तक्रार नेहमी एकाच शब्दात येते: "गिअर सुटतो." यावर विश्वास ठेवून पाना उचलू नका. आधी स्वतः गाडी मारून बघा. सगळ्याच गिअरला होतंय की एकाच? एकाच गिअरला होत असेल तर आत त्या गिअरचं किंवा त्याच्या फोर्कचं, म्हणजे गिअर सरकवणाऱ्या काट्याचं, दुखणं आहे. सगळ्यांना होत असेल तर बहुतेक वेळा गिअर निर्दोष असतात. रेस वाढते आणि गाडी तिथंच, तर क्लच घसरतोय. खडखड करून झटका बसतो आणि गिअर मात्र तोच राहतो, तर चेन स्प्रॉकेटचे दात सोडतेय. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात पुढच्या स्प्रॉकेटभोवती असा गारा बसतो की कव्हर काढल्यावर आत भाकरी थापल्यासारखा दिसतो. तो खरवडल्याशिवाय निदान करायचंच नाही. तिथलं ऑइल सील त्याच मातीनं खाल्लं जातं.

मग ऑइल काढा, गाडी गरम असताना आणि पांढऱ्या ताटलीत. बोटावर घेऊन उन्हात धरा. नुसती चंदेरी चमक जुन्या गाडीत असतेच, घाबरू नका. तुकडा लागला, कोपरा असलेला, तर दात नाहीतर डॉग (गिअरच्या अंगावरचा ठोकळा) तुटलाय. दुधासारखं झालं असेल तर पाणी शिरलंय. ऑइल कमीच निघालं, बाहेर कुठं गळती नाही आणि गाडी पांढरा धूर सोडतेय, तर क्लच बाजूचं क्रँकचं सील गेलंय आणि इंजिन गिअरचं ऑइल पितंय. यावर पिस्टन-रिंग बदलणारे लोक मी बघितलेत.

क्लच केबलला लिव्हरपाशी दोन-तीन मिलिमीटर ढील हवी. ढील जास्त झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर अडकतात, न्यूट्रल सापडत नाही. मालक म्हणतो गिअरबॉक्स गेला. त्यानंतर क्लच कव्हर. त्याच्यामागं गिअर ड्रम जागेवर धरणारा लिव्हर आणि त्याची स्प्रिंग असते. ती स्प्रिंग तुटली की गिअर वाट्टेल तिथं थांबतात. ही स्प्रिंग बदलायला केस, म्हणजे क्रँक आणि गिअर ज्यात बसतात तो दोन भागांचा डबा, उघडावी लागत नाही. एवढं बघून झालं, तरी गिअर सुटतोय, तरच फुल इंजिन, म्हणजे केस उघडायची.

आता माझं.

नान्नजकडच्या एका द्राक्षवाल्या दादांची गाडी होती. (तिकडं गाडी मारायला जाणाऱ्यांनो, माळढोकच्या माळावर जाऊ नका. खाणी काय कमी आहेत?) दुसरा गिअर चढावर सुटायचा, फक्त दुसरा, फक्त रेस दिल्यावर. निदान सरळ होतं आणि मी ते बरोबर केलं होतं, हे आजही अभिमानानं सांगतो. या गिअरबॉक्समध्ये गिअर कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. गिअर पडतो म्हणजे एक गिअर शाफ्टवर सरकतो आणि त्याच्या अंगावरचे ठोकळे, म्हणजे डॉग, शेजारच्या गिअरच्या खाचेत बसतात. डॉगच्या कडा किंचित आत कापलेल्या असतात, म्हणून जोर आला की ते एकमेकांना आत ओढतात. कडा गोल झाल्या की तोच जोर त्यांना बाहेर ढकलतो. मी केस उघडली, तर कडा गोल झालेल्या आणि फोर्क वाकून टोकाला निळा पडलेला. जोडी बदलली, फोर्क बदलला, सर्कलिप, म्हणजे गिअर शाफ्टवर अडवणाऱ्या कड्या, नवीन टाकल्या. केस बंद. बेंचवर लोणी.

तुळजापूर रोडला हिप्परगा तलावाकडच्या चढावर दुसरा टाकला, रेस दिली, आणि खट्. सुटला.

मी पार्टला शिव्या दिल्या. लोकल माल, दुसरं काय. परत इंजिन उतरवलं, भंगारातल्या एका इंजिनातून ओरिजिनल जोडी काढून टाकली. बेंचवर पुन्हा लोणी, चढावर पुन्हा खट्. दादांनी मागं बसून ऐकलं आणि शांतपणे म्हणाले, "तसंच आहे की बे." ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्यांदा मी आणखी एक फोर्क आणायला स्पेअरच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोरानं पार्ट कॅटलॉग उघडून माझ्यापुढं फिरवला. गिअर शाफ्टचं चित्र, एकेक भाग सुटा करून ओळीत मांडलेला. शाफ्टच्या अगदी टोकाला, बेअरिंगच्या अलीकडं, एक बारीक गोल. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "वायसर." म्हणजे वॉशर. मी दोनदा बसवलेल्या शाफ्टवर तो नव्हता. फोर्क न घेता बाहेर आलो आणि दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो.

झालं होतं असं. पहिल्यांदा केस उघडताना वरचा भाग उचलला, तेव्हा तो वायसर तेलानं त्या भागाच्या बेअरिंगला चिकटून वर गेला. काळं तेल, काळी केस, पत्र्यासारखा पातळ वायसर. दिसतच नाही. मी ती केस घमेल्यात डिझेलनं धुतली आणि घमेलं गॅरेजमागं ओतलं. म्हणजे डॉग गेले होते ते दादांच्या गाडीचं दुखणं, पण नंतरचं दुखणं मी दिलं होतं. लक्षण तेच, कारण वेगळं. मी दोन्ही वेळा जुनंच कारण शोधत बसलो.

आणि बेंचवर का कळलं नाही? कारण केस बेंचवरच्या ठोकळ्यांवर आडवी ठेवली की शाफ्ट उभे राहतात. गिअर आपल्या वजनानं खाली बसतात, सगळं जागेवर वाटतं. इंजिन फ्रेममध्ये गेलं की शाफ्ट आडवे होतात. टोकाला वायसर नाही, म्हणून शाफ्ट बाजूला सरकतो, डॉग खाचेत अर्धेच बसतात. हातानं फिरवताना अर्धे पुरतात, चढावर पुरत नाहीत.

म्हणून केस उघडण्याआधी पुढच्या स्प्रॉकेटचा शाफ्ट चिमटीत धरून आत-बाहेर ढकलून बघा. किती हलतो ते मनात नको, कागदावर लिहा. केस उचलली की दोन्ही भागांच्या बेअरिंगवरून बोट फिरवा, डोळ्यांवर भरवसा नको, नख लावा. धुतलेलं डिझेल फडक्यातून गाळल्याशिवाय ओतू नका. घरची फाटकी चादर अंथरा, सोलापुरात तिची काय वानवा, आणि शाफ्टवरचा प्रत्येक भाग निघाला त्या क्रमानं, त्याच तोंडानं मांडा. जुन्या वायसरांचे फोटो काढा. बंद करून झालं की इंजिन फ्रेममध्ये असतं तसं उभं करा, तसंच उभं ठेवून चारही गिअर टाका, आणि शाफ्ट पुन्हा ढकला. आधीपेक्षा जास्त टकटक आली तर फ्रेममध्ये चढवूच नका. लाज वाटू देऊ नका, लगेच उघडा. बेंचवर उघडायला तासभर लागतो, फ्रेममधून उतरवण्यात दिवस जातो.

केस उघडताना जोडात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटणारा माणूस मला दिसला की माझं डोकं फिरतं. त्या ओरखड्यातून हवा शिरते, मिक्श्चर पातळ होतं आणि पिस्टन जाम होतो. क्रँकच्या टोकावरचा मॅग्नेटही पुलरनंच काढायचा. गोल झालेल्या डॉगवर वेल्डिंग भरून घासून देणारे आहेत, स्वस्तात पडतं. त्या उष्णतेनं वरचं कडक कातडं जातं आणि महिन्याभरात तोच गिअर तुकड्यांत निघतो. जाड ऑइल टाकून आवाज दाबणं ही तर मालकाची फसवणूक. व्हिडिओ बघा, पण ते कुठल्या गाडीचे आहेत तेही बघा.

उस्तादांबद्दल बोलायचं तर माझे उस्ताद पान्याची मूठ कानाला लावून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे आणि ते खरं निघायचं. पण का, ते कधी सांगितलं नाही. विद्या चोरावी लागते म्हणायचे. मला हे पटत नाही. चोरलेल्या विद्येत एखादा वायसर राहूनच जातो. पार्ट कॅटलॉगची झेरॉक्स आधी काढा, उस्तादांच्या पाया नंतर पडा.

आणि हो, पहिल्या फुल इंजिनला चूक होणारच. सगळ्यांची होते, माझ्याएवढी गाढव नाही झाली तरी पुष्कळ.

वायसर चहाच्या पैशात आला. गाडीचा दुसरा गिअर त्यानंतर सुटला नाही. दादा अजून येतात, ऑइल बदलून घेतात, चेन ताणून घेतात, द्राक्षाच्या दिवसात एखादी पेटीही ठेवून जातात. गेल्या वर्षी त्यांनी दुसरी आरएक्स घेतली. तिचं इंजिन त्यांनी पंढरपुरात करून घेतलं.