मुलांना ऑर्केस्ट्राची वाद्यं शिकवताय? या चुका टाळा

चित्रांपासून सुरुवात करणं ही सर्वांत मोठी चूक, आणि पालक-शिक्षकांची सर्वांत लाडकीही. भिंतीवर तक्ता टांगायचा, व्हायोलिन, ओबो, बासून, ट्रम्पेट अशी नावं घोकून घ्यायची आणि आल्यागेल्यासमोर म्हणवून दाखवायची. एका शाळेत पाच-सहा वर्षांच्या मुलांची अशी तयारी बघायला मला बोलावलं होतं. चित्रावर बोट ठेवलं की नाव हजर! मग मी सोबत आलेल्या वादकाला पडद्यामागे जाऊन क्लॅरिनेट वाजवायला सांगितलं. वर्ग चिडीचूप. बऱ्याच वेळाने एक मुलगी हळूच म्हणाली, "व्हायोलिन?" तक्त्यावर पहिलं चित्र तेच होतं. बाई तिच्यावर रागावल्या, त्याचं मला फार वाईट वाटलं. क्लॅरिनेट त्या मुलांना कुणी ऐकवलंच नव्हतं, तर ती ओळखणार कशी?

माझी पद्धत साधी आहे. डोळे मिटायचे आणि आधी आवाज ऐकायचा. नाव नंतर, चित्र त्याहून नंतर. यासाठी रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हच्या 'पीटर अँड द वुल्फ' या संगीतकथेकडे (1936) मी पुन्हा पुन्हा वळते. त्यात प्रत्येक पात्राला आपलं वाद्य आहे: पक्ष्याला फ्लूट, बदकाला ओबो, मांजराला क्लॅरिनेट, आजोबांना बासून आणि लांडग्याला तीन हॉर्न. पण ही गोष्टही लोक एका बैठकीत उरकतात. मी एका वेळी एकच पात्र घेते. बदकाचा तो नाकातला आवाज कानात मुरला की मगच मांजर. एका तासात अख्खा ऑर्केस्ट्रा शिकवून देण्याच्या गोष्टी मला पटत नाहीत. त्यात घाई मोठ्यांना असते, मुलांना नसते.

दुसरी चूक मोबाइलची. डबल बासची सर्वांत खालची तार साधारण 41 हर्ट्झला लागते. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरला तो खर्ज झेपतच नाही, त्यातून येतात ते फक्त वरचे अंश, म्हणजे मूळ सुरासोबत घुमणारे उंच स्वर. फ्रेंच संगीतकार सँ-साँसने 'कार्निव्हल ऑफ द अ‍ॅनिमल्स'मध्ये (1886) हत्तीसाठी मुद्दाम डबल बास निवडला. मोबाइलवर ऐकलं तर त्या हत्तीचं वजनच निघून जातं. मग हेच मूल प्रत्यक्ष कार्यक्रमात डबल बास ऐकतं आणि त्याला ते भलतंच वाद्य वाटतं. ट्युबा आणि बास ड्रमचीही तीच गत. जरा बरा स्पीकर लाकडी टेबलावर ठेवा आणि मुलाला टेबलावर तळहात टेकवायला सांगा. खर्ज हाताला जाणवतो, तेव्हा चेहरा बघण्यासारखा होतो. आवाज मात्र बेताचाच ठेवा, लहान कान नाजूक असतात.

"चकाकतं ते ब्रास (ट्रम्पेट, ट्युबासारखी पितळी वाद्यं)" हे सांगणंही सोडून द्या. आजचा फ्लूट बहुधा धातूचाच असतो, तरी तो बसतो वुडविंडमध्ये, म्हणजे फुंकून वाजवायच्या मूळच्या लाकडी वाद्यांत. ब्रासमध्ये स्वर ओठांच्या थरथरण्यातून निघतो. मुलांना ओठ मिटून फुर्र करायला लावा, व्याख्येची गरज उरत नाही.

सारखं "सांग बरं, हे कोणतं वाद्य?" विचारू नका. ऐकण्याची परीक्षा झाली की मूल ऐकणं सोडतं.

इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनचं 'द यंग पर्सन्स गाइड टू द ऑर्केस्ट्रा' (1945) चार वर्षांच्या मुलाला पूर्ण ऐकवू नका. सुरुवातीलाच पर्सेल या जुन्या इंग्रज संगीतकाराची धून आधी सगळा ऑर्केस्ट्रा वाजवतो, मग वुडविंड, ब्रास, तंतुवाद्यं आणि तालवाद्यं आपापल्या परीने. तेवढंच पुरे.

खेळण्यातलं व्हायोलिन घेऊ नका, ते सुरात राहत नाही. त्यापेक्षा एखाद्या शिक्षकाकडचं खरं, लहान मापाचं व्हायोलिन हातात धरू द्या. बोच्या (व्हायोलिन वाजवायच्या गजाच्या) केसांना मात्र बोटं लागू देऊ नका. बोटांचं तेल लागलं की केसांना लावलेली राळ नीट धरत नाही आणि बो तारेवरून नुसता घसरतो.

आणि कार्यक्रमाला उशिरा पोहोचू नका. वादक येऊन बसतात, ओबो 'ए' हा स्वर देतो आणि एकेक विभाग त्याला सूर जुळवतो. लहान मुलांसाठी मला तो भाग सर्वांत मोलाचा वाटतो. जागा अशी घ्या की तालवाद्यंही दिसतील. मध्यंतरात मूल कंटाळलेलं दिसलं, तर तिकिटाचे पैसे वसूल करत बसू नका, सरळ घरी निघा.