ॲटिक म्हणजे आपला माळा नव्हे! जुनं घर घेतलेल्यांनी हे आधी वाचा

न्यू जर्सीत पहिलं घर घेतलेल्या नवीन मंडळींसाठी लिहितेय. इथल्या घरांत छपराखालच्या पोकळ जागेला ॲटिक म्हणतात, आणि थंडी-उष्णता अडवायला तिथे जो थर भरतात त्याला इन्सुलेशन. गेल्या महिन्यात एकाचा फोन आला, ताई शनिवारी मित्र येतायत, ॲटिकमधलं जुनं इन्सुलेशन काढून टाकतो, किती पिशव्या आणू? म्हटलं पिशव्या राहू दे, वर नक्की काय भरलंय ते सांग. त्याला माहीत नव्हतं. आणि त्याचं काही चूक नाही, आपल्याकडे वर स्लॅब नाहीतर कौलं, छपराखाली काहीतरी भरलेलं असतं हेच आपल्या डोक्यात नसतं.

तर पहिलं काम, काहीही न हलवता ॲटिकच्या झाकणातूनच टॉर्च मारून बघायचं आणि फोटो काढायचा. गुलाबी किंवा पिवळा कापसासारखा थर असेल तर फायबरग्लास. करडा, वर्तमानपत्राचा भुगा केल्यासारखा दिसला तर सेल्युलोज. पण बारीक खड्यांसारखं, करडं-तपकिरी किंवा चंदेरी-सोनेरी, चमकणारं, प्रत्येक खड्याला पापुद्रे असलेलं काही पसरलेलं दिसलं तर झाकण लावा आणि खाली उतरा. ते व्हर्मिक्युलाइट नावाचं खनिज असण्याची दाट शक्यता आहे.

याचं कारण नीट समजून घ्या. १९१९ ते १९९० या काळात अमेरिकेत विकल्या गेलेल्या व्हर्मिक्युलाइटपैकी ७० टक्क्यांहून जास्त माल मोंटानातल्या लिबी गावच्या एकाच खाणीतला होता, आणि त्या खाणीत ॲस्बेस्टॉसही होतं, म्हणजे ज्याचे बारीक तंतू श्वासातून आत गेले की फुप्फुसांचे आजार आणि कॅन्सर होऊ शकतो असं खनिज. घराघरात तो माल झोनोलाइट या नावानं गेला. लिबीत नुसते कामगारच नाही, त्यांच्या कपड्यांवर घरी आलेल्या धुळीनं बायकामुलंसुद्धा आजारी पडली. त्यामुळे ईपीए, म्हणजे अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था, सांगते की व्हर्मिक्युलाइट दिसलं की त्यात ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला. एका कोपऱ्यातलं सॅम्पल लॅबमध्ये चांगलं निघालं तरी दुसऱ्या कोपऱ्यात तसंच असेल याची खात्री नाही, म्हणून मूठभर खडे उचलून निर्धास्त होऊ नका.

आमच्याच घरी हे होतं. पाच वर्षं आम्ही गणपतीच्या मखराची खोकी वर ठेवली, दर भाद्रपदात ती खडे सरकवत काढायचो आणि मुलगा टॉर्च धरायला वर यायचा. होम इन्स्पेक्शनच्या रिपोर्टमध्ये नुसतं "लूज फिल इन्सुलेशन" (सुटं पसरलेलं इन्सुलेशन) लिहिलेलं, आम्ही वाचून पुढे गेलो. शेवटी एका इलेक्ट्रिशियननं झाकण उघडलं, बघितलं आणि म्हणाला मी इथे काम करणार नाही. ॲस्बेस्टॉसचे आजार दिसायला १० ते ४० वर्षं लागतात. मुलाचं ते वर येणं आठवलं की अजून पोटात गोळा येतो, म्हणून इतकं कळवळून सांगतेय.

व्हर्मिक्युलाइट आहे तसं पडून राहिलं तर धोका कमी, हलवलं की धूळ. सामान ठेवू नका, मुलांना पाठवू नका, खालून सीलिंगला भोक पाडून फॅन-दिवे लावू नका, लाइटच्या फटी बुजवून घ्या. काढायचंच असेल तर लायसन्स असलेला ॲस्बेस्टॉस कॉन्ट्रॅक्टरच बोलवा, आणि तपासणारा व काढणारा वेगवेगळा असू दे. तो प्लास्टिक लावून जागा बंद करतो, हेपा मशीन (बारीक धूळ गाळून घेणारं) लावतो, माल जाड पिशव्यांत लेबल लावून परवानगी असलेल्या लँडफिललाच, म्हणजे कचरा पुरायच्या जागी, नेतो. त्या लँडफिलची पावती मागून घ्या, घर विकताना उपयोगी पडते. वर झोनोलाइटची रिकामी पिशवी दिसली तर तिचा फोटो आणि सगळी बिलं जपा, खर्चाचा काही भाग परत देणारा एक ट्रस्ट आहे.

फायबरग्लास किंवा सेल्युलोज असेल तर स्वतः करता येतं, पण पहाटे सुरू करा, उन्हाळ्यात दुपारी वर भट्टी असते. पूर्ण बाह्या, ग्लोव्ह्ज, गॉगल, नीट बसणारा एन-९५ (ॲस्बेस्टॉसला तो चालत नाही). पाय फक्त जॉइस्टवर, म्हणजे आडव्या लाकडी तुळयांवर, मधलं ड्रायवॉल (खालच्या खोलीच्या सीलिंगचा पातळ बोर्ड) माणसाचं वजन घेत नाही. घरातल्या व्हॅक्युमनं उपसायला जाऊ नका, धूळ परत घरातच येते.

उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर झाडू अजिबात नको, हंटाव्हायरस, म्हणजे उंदरांपासून माणसाला होणारा जीवघेणा विषाणू, त्या धुळीतून लागू शकतो. आधी अर्धा तास हवा खेळू द्या, मग एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी फवारून पाच मिनिटं भिजू द्या, आणि पेपर टॉवेलनं टिपून घ्या.

पिशव्या वरच बांधा, एकावर एक दोन, मग खाली आणा. रोजच्या कचऱ्यात चालतील का ते टाउनशिपला आधी विचारा, नाहीतर छोटा डम्पस्टर (भाड्यानं मिळणारी कचऱ्याची मोठी पेटी) मागवा.

जागा रिकामी झाली की लगेच नवीन भरू नका. वायरी आणि पाइप जिथून वर येतात त्या फटी आधी बुजवा, बाथरूमच्या फॅनची नळी ॲटिकमध्येच सोडलेली असेल तर छपराबाहेर काढा. आणि चिनीमातीच्या गोट्यांवरून गेलेल्या जुन्या वायरी दिसल्या, तर इलेक्ट्रिशियननं बघितल्याशिवाय त्यांच्यावर काहीही पसरू नका, त्या झाकल्या की तापतात.