जुनी सेंटर कन्सोल बोट घेताय? आधी ट्रान्सम ठोकून बघा
बडोद्यात राहून अशी बोट (उघडी, सुकाणू मधोमध असलेली) ठेवायची म्हणजे ती बराचसा काळ ट्रेलरवरच उभी असणार, आणि पावसाचं पाणी तेव्हाच आत मुरतं, म्हणून ड्रेन प्लग (तळाचं पाणी काढायचं बूच) काढून पुढची बाजू थोडी उंच ठेवाच.

सगळ्यात महत्त्वाचा ट्रान्सम, म्हणजे आउटबोर्ड (बाहेरून लावलेलं इंजिन) जिथं लटकतं ती मागची भिंत. जुन्या बोटींत बहुतेक वेळा फायबरच्या आत प्लायवूड असतं, स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरलं की ते कुजतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. हातोडीच्या दांड्यानं ठोकत जा, टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर संशय धरा. मग इंजिन थोडं वर उचलून खालच्या टोकावर वजन टाका, ट्रान्सम हलला तर रंग कितीही चकाचक असो, मी तरी ती बोट घेणार नाही.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं, जुने रबरी पाईप खराब करतं. पाईप बदला, पेट्रोलमधलं पाणी वेगळं करणारा वॉटर सेपरेटर फिल्टर लावा.

खाऱ्या पाण्यातून आलात की इंजिन गोड्या पाण्यानं फ्लश करा, आळस नको. इम्पेलर, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातलं रबरी चाक, वेळेवर बदला. आणि खंभातच्या आखातात भरती-ओहोटी प्रचंड असते, वेळापत्रक बघितल्याशिवाय बोट उतरवूच नका.