सांध्यात सावकाश सुटणारं औषध: या चुका टाळा

साधं द्रवरूप औषध गुडघ्यात टोचलं तर ते तिथे फार टिकत नाही. विरघळलेले लहान रेणू रक्तवाहिन्या काही तासांतच बाहेर काढतात. म्हणून औषध पीएलजीए या हळूहळू विरघळणाऱ्या पॉलिमरच्या सूक्ष्म गोळ्यांत कोंडून देतात. झिजलेल्या गुडघ्याच्या दुखण्यासाठी अमेरिकेत ऑक्टोबर २०१७ मध्ये मंजूर झालेलं झिलरेटा याच जातीचं. त्यात ३२ मिलिग्रॅम ट्रायअ‍ॅम्सिनोलोन हे सूज कमी करणारं स्टेरॉइड असतं.

पहिली चूक इथेच होते: ‘तेच स्टेरॉइड, जरा जास्त टिकणारं.’ नाही! नेहमीच्या ४० मिलिग्रॅमच्या ट्रायअ‍ॅम्सिनोलोनच्या जागी हे, किंवा याच्या जागी ते, असा परस्पर बदल चालत नाही.

सर्वाधिक घोळ होतो तो औषध तयार करताना. पावडर सोबत आलेल्या द्रावकातच मिसळायची. सलाइन हाताशी आहे म्हणून ते घातलं, तर कण नीट पसरतीलच याची खात्री नाही. भूल देणारं औषधही त्याच सिरिंजमध्ये ओढू नये. कण जड असल्यामुळे तळाशी बसतात, तेव्हा मिश्रण एकसारखं दुधाळ झालं की लगेच द्यावं. थांबावंच लागलं तर ते कुपीतच ठेवायचं आणि देण्याआधी पुन्हा हलवायचं. भरलेली सिरिंज बाजूला ठेवून रुग्णाशी गप्पा मारत बसलात, तर थोडा डोस सिरिंजमध्येच राहून जाईल. सुई अडली तर जोर लावू नका. बहुधा ती फार बारीक असते किंवा गुठळ्या मोडलेल्या नसतात. पाकीट फ्रीजमध्ये ठेवायचं, फ्रीझरमध्ये मात्र नाही.

सांध्यात पाणी साठलं असेल तर ते आधी काढावं. सुई सांध्याबाहेरच्या चरबीत गेली तर औषध तिथेच सुटत राहतं आणि त्वचा खड्डा पडल्यासारखी दिसू शकते. शंका असेल तिथे सोनोग्राफीचा आधार घ्यावा. त्यात कमीपणा कसला?

रुग्णांची गफलत वेगळी. टोचल्यावर एक-दोन दिवस दुखणं वाढू शकतं, तेवढ्यानं घाबरू नये. पण ताप आला, सांधा लाल आणि गरम झाला, हलवताच येईना, तर बर्फ लावत वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. सांध्यातला जंतुसंसर्ग कूर्चेचं, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाचं, नुकसान झपाट्यानं करतो. मधुमेह असेल तर सुरुवातीचे काही दिवस साखर तपासत राहावं. सावकाश सुटणाऱ्या प्रकारात ती कमी चढते असं दिसलं आहे, पण अजिबात चढत नाही असं कुणी म्हटलेलं नाही.

‘गुण आला, आता दर तीन महिन्यांनी घेऊ’ हा हट्ट मला सगळ्यात खटकतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १४० जणांना दोन वर्षं दर तीन महिन्यांनी साधं ट्रायअ‍ॅम्सिनोलोन किंवा सलाइन दिलं गेलं. स्टेरॉइड घेणाऱ्यांची कूर्चा जास्त झिजली आणि दुखण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. ते औषध साधं होतं, हे खरं. तरी सावकाश सुटणाऱ्याला त्यावरून सूट देण्याचं कारण मला दिसत नाही.

सांधा बदलायचं ठरत असेल तर शेवटच्या इंजेक्शनची तारीख शल्यचिकित्सकांना आधीच सांगा. शस्त्रक्रियेच्या आधीच्या तीन महिन्यांत स्टेरॉइड टोचलं असेल तर संसर्गाचा धोका वाढतो.