६० हर्ट्झचा मॉनिटर ७५ वर नेताना अडतं कुठे?

साध्या १०८०पी (१९२०×१०८०) मॉनिटरला ७५ हर्ट्झवर न्यायचं, म्हणजे सेकंदाला ७५ वेळा चित्र बदलायला लावायचं, तर आधी केबलचा हिशोब करा. नेहमीच्या टायमिंगमध्ये (पिक्सेल पाठवण्याच्या वेळापत्रकात) दर फ्रेमला, म्हणजे एका चित्राला, कडेच्या रिकाम्या जागेसह २२००×११२५ पिक्सेल जातात. त्याला ७५ने गुणलं की पिक्सेल क्लॉक, म्हणजे पिक्सेल जाण्याचा वेग, १८५.६ मेगाहर्ट्झ. सिंगल-लिंक डीव्हीआय या जुन्या जोडणीची मर्यादा १६५, म्हणून तिथे 'आउट ऑफ रेंज' नाहीतर काळा पडदा.

सीआरयू (कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी) या विंडोजवरच्या प्रोग्रॅममध्ये 'रिड्यूस्ड' प्रकारचं टायमिंग निवडलं की आडवे पिक्सेल २०८० होतात आणि क्लॉक १७५च्या आसपास उतरतो. डीव्हीआयला तोही झेपत नाही; तिथे ७०वर समाधान मानावं, नाहीतर सरळ डिस्प्लेपोर्ट ही नवी जोडणी लावावी. ६०वरून दोन-तीन हर्ट्झच्या टप्प्यांनी चढा. विंडोजमध्ये नवा दर निवडल्यावर पडदा काळा झाला तर काहीही दाबू नका, १५ सेकंदांत जुना दर परत येतो. नाहीच आला, तर सेफ मोडमधून सीआरयूचं 'रीसेट-ऑल' चालवा.

चित्र दिसलं म्हणजे जिंकलो असं नाही! बरेच मॉनिटर ७५ स्वीकारतात आणि गुपचूप फ्रेम गाळतात. डोळ्यांना हे कळत नाही. टेस्टयूएफओ या वेबसाइटवरची फ्रेम स्किपिंग (फ्रेम गळण्याची) चाचणी लावा, कॅमेऱ्याचा शटर १/१० सेकंदावर ठेवून फोटो काढा. सात-आठ उजळ चौकोन सलग हवेत; मध्ये एखादा काळा असेल तर तो दर निकामी. अशा वेळी केबल बदलून उपयोग नसतो, फ्रेम मॉनिटरच्या आतच गळते. दर कमी करायचा आणि पुन्हा फोटो काढायचा.