सलिव्हनांचं मूळ शोधायचं तर

माझं सासर आयर्लंडमधल्या बेअरा द्वीपकल्पावर, कॉर्क काउंटीत. इथे कुठेही दगड भिरकावा, सलिव्हनलाच लागेल! नुसतं आडनाव घेऊन शोधायला बसलात तर हाती काही लागणार नाही. आधी टाउनलँड, म्हणजे आपल्याकडची वाडीच म्हणा, विचारून घ्या. तेही घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या आत्याला. पुरुषमंडळींना हमखास ठाऊक नसतं. एकाच नावाच्या शाखा ओळखायला गावाने टोपणनावं ठेवलेली असतात, तीही टिपून घ्या.

मग 1901 आणि 1911 ची जनगणना बघा, ऑनलाइन फुकट आहे. आडनावाला 'ओ' लावून (ओ'सलिव्हन) आणि न लावता (सलिव्हन), दोन्ही. इंग्रजी अमलात पुष्कळांनी 'ओ' गाळला आणि एकोणिसाव्या शतकाअखेर काहींनी परत लावला. त्याआधीच्या काळासाठी ग्रिफिथची जमीन आकारणी (1847–64), म्हणजे कोणाकडे कुठली जमीन होती त्याची सरकारी यादी, आणि चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या. 1821 ते 1851 च्या जनगणना मात्र 1922 मध्ये डब्लिनच्या दप्तरखान्याला लागलेल्या आगीत बहुतेक खाक झाल्या.

घराणं मूळचं टिपररीचं. इंग्लंडहून नॉर्मन चालून आल्यावर दक्षिणेकडे सरकलं. 1602 मध्ये बेअरावरचा घराण्याचा डनबॉय किल्ला इंग्रजांनी जिंकला आणि वर्षअखेरीस घराण्याचा प्रमुख डोनल कॅम ओ'सलिव्हन बेअर सुमारे हजार माणसं घेऊन ऐन थंडीत दूर उत्तरेला लीट्रिमकडे निघाला. पोचली 35. इथला प्रत्येक सलिव्हन स्वतःला त्याचा वंशज म्हणवतो. पुरावा मागू नका, पुढ्यातला चहा प्या.