दुर्लक्षित शूटिंग गार्ड कसा ओळखावा

एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, सामना साताऱ्यात बहुतेकदा पहाटे साडेपाच-सहाला लागतो. चहा घेऊन बसा, पण पहिली पाच मिनिटं चेंडूकडे बघूच नका. एकाच शूटिंग गार्डवर, म्हणजे मुख्यतः लांबून शॉट मारणाऱ्या खेळाडूवर, नजर ठेवा. बचाव करताना समोरून स्क्रीन (वाट अडवून उभा राहिलेला विरोधी खेळाडू) आली की तो खांदा वळवून, अंग चोरून निसटतो की धडकून अडकतो? अडकला, तर तो ज्याला रोखत होता त्याला मोकळा थ्री (लांबून तीन गुणांचा शॉट) मिळतो, आणि ही चूक स्कोअरशीटवर कुठेच दिसत नाही.

मग वही काढा. मारलेल्या फ्री थ्रोंना (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) 0.44 ने गुणा, त्यात बाकीचे सगळे शॉट्स, गेलेले-हुकलेले दोन्ही, मिळवा, दुप्पट करा आणि गुणांना त्या आकड्याने भागा. उत्तर जितकं मोठं, तितके त्याचे शॉट्स कमी वाया गेले. 22 शॉट्स, 4 फ्री थ्रो, 24 गुण: 0.505. 12 शॉट्स, 4 फ्री थ्रो, 18 गुण: 0.654. वाहवा मात्र 24 वाल्याची! एका सामन्यावरून ठरवू नका, निदान दहा मोजा.

हात बसवायला डेरिक व्हाइट बरा: 2017 च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत) 29 वा, 2024 ला बॉस्टनसोबत विजेता. जुन्यांत सिडनी मॉन्क्रीफ; 1983 आणि 1984 चा सर्वोत्तम बचावपटू, हॉल ऑफ फेममध्ये (बास्केटबॉलमधल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत) थेट 2019 ला.

आपल्याकडे तालुक्याच्या संघासाठी पोरं निवडतानाही हीच वही चालते. फक्त तिथे थ्रीची रेषा 6.75 मीटरवर असते, एनबीएत 7.24 वर.